जुन्या बागेत नवीन आलात? कुदळ जरा बाजूला ठेवा

पहिल्या दिवशी हात शिवशिवतात, ठाऊक आहे. तरी एक पूर्ण वर्ष काहीही मुळासकट उपटू नका. कंदांची झाडं कित्येक महिने जमिनीखाली दडून असतात. वर नुसती मोकळी माती दिसते आणि कोणी उत्साही मंडळी नेमकी तिथेच खणतात. खात्रीने ओळखता येतं तेवढंच तण काढा. बाकी फोटो काढा, झाडं नकाशावर मांडा, जुनी छायाचित्रं मिळवा. ऐतिहासिक बागांसाठीची १९८२ची फ्लॉरेन्स सनदही हेच सांगते: आधी सखोल अभ्यास, मग जीर्णोद्धार.

जुनं झुडूप थकलेलं दिसलं तर काढायच्या आधी त्याच्या फांद्यांपासून रोपं करून ठेवा. रोपवाटिकेत त्याच नावाचं रोप मिळेलही, पण वाण तोच असेलच असं नाही. कलमी गुलाबाच्या सांध्याखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचे असतात. ते वाढू दिले तर मूळ गुलाब मागे पडतो. वरच्यावर कापले तर पुन्हा फुटतात, म्हणून उगमापाशी माती सारून ओढून काढा.

चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या भेगांत सिमेंट भरू नका. ओल आत कोंडते आणि मऊ विटा फुटतात. हे काम जाणकार गवंड्याचं.

आणि लागवडीच्या दिवशी सगळे येतात (फोटो असतात ना!), पण पाणी घालायला कोण, ते रोप लावण्याआधी ठरवा.