क्रॉसमॅग्लेन रेंजर्स: दीड-पावणेदोन हजार वस्तीच्या गावाकडे सहा ऑल-आयर्लंड कशी?

प्रश्न: कोल्हापुरात पेठांच्या तालमींचा फुटबॉल बघत वाढलो. आता नोकरीसाठी आयर्लंडमध्ये आहे. इथे गेलिक फुटबॉलचा (आयर्लंडचा देशी फुटबॉल, ज्यात चेंडू हातातही घेता येतो) विषय निघाला की ऑफिसातले लोक क्रॉसमॅग्लेन रेंजर्सचं नाव काढतात. या क्लबने एवढं काय केलंय?

उत्तर:

ऑफिसातले लोक बहुधा सहा ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या आयर्लंडच्या क्लब स्पर्धेच्या, विजेतेपदांबद्दल बोलत असणार. १९९७, १९९९, २०००, २००७, २०११ आणि २०१२. कॉर्कच्या नेमो रेंजर्सकडे सात आहेत, त्यामुळे हा आकडा सर्वांत मोठा नाही. मला थक्क करणारा आकडा दुसराच आहे: १९९६ ते २०१५ या २० वर्षांत आर्मा काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) विजेतेपद त्यांनी १९ वेळा घेतलं. १९९६ ते २००८ सलग १३. २००९ ला ते पिअर्स ओग या आर्मातल्याच क्लबकडे गेलं आणि पुढची सहा वर्षं पुन्हा यांच्याच घरी.

हे किती अवघड आहे ते कळायला स्पर्धेची शिडी बघा. आधी काउंटी जिंकायची. मग प्रांत, म्हणजे यांच्यासाठी नऊ काउंट्यांचा अल्स्टर. ते जिंकलं तर चार प्रांतविजेत्यांची उपांत्य फेरी आणि मग अंतिम सामना. बाद फेरीत एक वाईट दुपार आली की वर्ष संपलं. अल्स्टर त्यांनी अकरा वेळा जिंकलं, तोही विक्रम.

आता तुमच्या तालमींशी तुलना. साम्य असं, की निष्ठा पेठेवरची असते तशी इथे पॅरिशवरची, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीवरची. जिथे घर, तोच क्लब. कुणाला पगार नाही. शिक्षक, सुतार, बँकेतला माणूस संध्याकाळी सरावाला येतो. फरक मात्र मोठा आहे. तालमी बाहेरचे खेळाडू आणतात. गेलिक फुटबॉलमध्ये गोलकीपर कच्चा निघाला म्हणून शेजारच्या गावातून आणता येत नाही. गावात जी पोरं जन्मली त्यांच्यातूनच १५ उभे करायचे. म्हणून लहान गावाचा क्लब एखादी चांगली पिढी आली की चमकतो, ती पिढी पस्तिशीला आली की खाली येतो. क्रॉसमॅग्लेनचं वेगळेपण असं की त्यांनी पिढी बदलतानाही पकड सोडली नाही. २०००च्या संघातला टोनी मॅकेन्टी २०११ आणि २०१२ ला व्यवस्थापक होता, आणि तेव्हा मैदानात जेमी क्लार्कसारखी नवी पोरं होती.

क्लब १८८७ चा, रंग काळा आणि अंबर. गाव उत्तर आयर्लंडमध्ये, दक्षिण आर्मात, आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेला खेटून. तिथल्या संघर्षाच्या काळात ब्रिटिश लष्कराचा तळ क्लबच्या मैदानाला भिंतीला भिंत लावून होता. १९७०च्या दशकात मैदानाची काही जागाही लष्कराने ताब्यात घेतली. हेलिकॉप्टर खाली उतरायला लागलं की खेळ अडायचा. १९९८ च्या शांतता करारानंतर जागा हळूहळू परत मिळाली आणि २००७ ला लष्कराची उत्तर आयर्लंडमधली मोहीमच संपली. ‘वेढ्यात राहिल्यामुळे ते कणखर झाले’ असं स्पष्टीकरण तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. मला ते अर्धवट वाटतं. वेढा १९७०च्या दशकापासून होता, पहिलं ऑल-आयर्लंड १९९७ ला आलं. मधली वीसेक वर्षं कणखरपणा काय सुट्टीवर होता?

बदललं ते असं की जो कर्नन व्यवस्थापक झाले आणि त्याच वेळी जॉन व टोनी हे मॅकेन्टी जुळे भाऊ, ओशीन मॅकॉनव्हिल, फ्रान्सी बेल्यू ही फळी हाताशी आली. पहिल्या अंतिम सामन्यात मेयोच्या नॉकमोरला २-१३ विरुद्ध ०-११ हरवलं. १९९९ ला बॅलिनाविरुद्ध ०-९, ०-८, म्हणजे एका गुणाने सुटका. २००० ला डब्लिनच्या ना फियानाला १-१४, ०-१२.

गुणफलक वाचताना नवखा माणूस इथेच फसतो. पहिला आकडा गोल, दुसरा पॉइंट. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन; दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर एक. म्हणजे २-१३ चे १९ आणि ०-११ चे ११. गोलांचे तीन धरायला विसरलात तर निकालच उलटा दिसेल. उत्तम उदाहरण काउंटी संघांच्या २००२ च्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्याचं: आर्मा १-१२, केरी ०-१४. केरीने १४ वेळा गुण मिळवले, आर्माने १३ वेळा, तरी १५-१४ ने आर्मा जिंकलं. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळतात आणि ते दुसऱ्याच आकड्यात धरतात. त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची सरळ तुलना करू नका.

तो २००२ चा सामना क्लबचा नव्हे, पण क्रॉसमॅग्लेनची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. आर्माचं ते पहिलंच ऑल-आयर्लंड. व्यवस्थापक कर्ननच. मध्यंतराला संघ चार गुणांनी मागे होता आणि मॅकॉनव्हिलची पेनल्टी हुकलेली. कर्नन खेळाडू म्हणून १९७७ चा अंतिम सामना हरले होते. तेव्हा मिळालेलं उपविजेतेपदाचं स्मृतिचिन्ह त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये भिंतीवर आपटलं. दुसऱ्या अर्धात निर्णायक गोल मारला तो मॅकॉनव्हिलनेच.

पुढची विजेतेपदं इतकी सरळ आली नाहीत. २००७ ला किलार्नीच्या डॉक्टर क्रोक्सशी बरोबरी, मग फेरसामन्यात ०-१३, ०-५. २००९ ला डब्लिनच्या किलमाकड क्रोक्सकडून अंतिम सामन्यात हार. २०१२ ला गॅरिकासलशी पुन्हा बरोबरी, आणि फेरसामन्यात २-१९ विरुद्ध १-७ असा धुव्वा.

माहिती शोधताना एक घोळ होतो: काही ठिकाणी १९९७ चं विजेतेपद ‘१९९६-९७’ असं लिहितात, कारण काउंटीच्या फेऱ्या आदल्या वर्षी होतात. अंतिम सामना २०१९ पर्यंत साधारण सेंट पॅट्रिक दिनी, १७ मार्चला, क्रोक पार्कवर असायचा. २०२० पासून साधारण जानेवारीत होतो. प्रत्यक्ष बघायचं असेल तर थेट अंतिम सामन्याला जाऊ नका. शरद ऋतूत कुठल्याही काउंटीचा क्लब सामना गाठा. ६० मिनिटांचा असतो, आणि दोन्ही बाजूचे प्रेक्षक एकमेकांना नावानिशी ओळखत असतात. शाहू स्टेडियमची आठवण तिथे जास्त येईल.