वाचून दाखव, मग सही घे

बेळगाव,
रविवार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पीएसआयच्या निवड यादीत तुझे नाव आल्याचे सांगायला तुझे बाबा पेढे घेऊन आले, तेव्हा मी फोनवर तुझे नुसते अभिनंदन केले आणि बाकीचे पत्राने लिहीन म्हणालो. इथल्या कोर्टात 36 वर्षे फौजदारी वकिली केल्यामुळे पोलिसांशी माझी गाठ बहुतेक उलटतपासणीतच पडली, म्हणून माझ्या बोलण्यात थोडा एकतर्फीपणा येईल, तो धरून चाल. मात्र साक्षीला उभे राहिल्यावर ज्यांना एकही प्रश्न अडचणीत आणू शकला नाही असे हवालदार आणि फौजदारही मी पाहिले आहेत. ते काही फार कायदेपंडित नव्हते. त्यांच्या ठाण्यात जे घडले तेच त्यांच्या कागदात असे, एवढेच त्यांचे बळ होते.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. घाटाकडच्या एका वाडीतली पन्नाशीची बाई माझ्याकडे आली होती. शेजारच्या माणसाने बांधावर तिचा हात धरून तिला ओढले होते. त्याच दिवशी तीन मैल चालत ती ठाण्यात गेली, मराठीत सगळे सांगितले, समोरच्याने कन्नडमध्ये लिहून घेतले आणि शाईचे पॅड पुढे सरकवले. तिने अंगठा उठवला, लुगड्याच्या पदराला पुसला आणि ती घरी आली. पंधरा दिवस कोणीच न आल्यामुळे तिने तो कागद मला आणून दाखवला. त्यात ‘जगळ’ असा शब्द होता. जगळ म्हणजे भांडण. बांधावरून दोघांत भांडण झाले, एवढाच मजकूर होता आणि त्यावर अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशा, नोंदीचा क्रमांक पडला होता. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट होते असे मला आजही म्हणवत नाही. त्याला मराठी अर्धे कळत होते, बाहेर दहा माणसे खोळंबली होती आणि वाडीवरच्या बाईची तक्रार म्हणजे बांधाचेच भांडण असणार, हे त्याच्या मनात आधीच ठरलेले होते. आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, सात महिन्यांनी भारतीय दंड विधानाच्या कलम 354 खाली विनयभंगाचा गुन्हा नोंदला गेला, आणि खटल्यात आरोपीच्या वकिलाने बरोबर तोच पहिला कागद काढून तिला विचारले की हात धरल्याचा उल्लेख यात का नाही. ती म्हणाली, ‘मी सांगितलं ते त्यांनी लिहिलंच नाही, मग मी खोटी कशी?’ आरोपी सुटला.

त्या दिवशी तिला कोणी मारले नाही, कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी शिवीही दिली नाही. तरी त्या वाडीतले लोक पुढे कित्येक वर्षे ठाण्याची पायरी चढले नाहीत. पोलिसांवरचा विश्वास लाठीने तुटतो हे खरे आहे. पण सीमाभागात तो त्याआधी टेबलावर तुटतो, आणि तिथे तुटलेला कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, तक्रार कोणत्याही भाषेत लिहिली गेली तरी ती तक्रारदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा घेऊ नकोस आणि हाताखालच्यांना घेऊ देऊ नकोस. हा उपकार नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये वाचून दाखवण्याचे बंधन लिहिलेले आहे, जुन्या संहितेतही होते, आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत फुकट द्यायची हेही त्याच कलमात आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे ही ठाण्याची मर्जी नसून सक्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितले. नव्या संहितेने काही गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. ती वापरताना उपअधीक्षकांची परवानगी कागदावर घे.

अटकेच्या बाबतीत भाषेचे महत्त्व आणखी वाढते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार अटकेची कारणे कळवावी लागतात. न समजणाऱ्या भाषेत कळवणे म्हणजे न कळवणेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली महाराष्ट्रातल्या एका स्थानबद्धाच्या खटल्यात म्हटले, कारण त्याला इंग्रजी येत नसताना कारणे इंग्रजीत दिली होती. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये विहान कुमार खटल्यात अटकेबाबत तेच पुन्हा ठामपणे सांगितले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या मजुराला कन्नड छापील नमुना हातात देऊन ‘कळवले’ असे लिहिणारा अधिकारी स्वतःचाच खटला कच्चा करतो. हाच न्याय उलट बाजूनेही लागतो. सौंदत्ती-रामदुर्गाकडचा कन्नड माणूस तुझ्यासमोर आला, तर त्याच्याशी त्याच्याच भाषेत, त्याला ‘नीवू’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणून बोल. ‘मराठी मॅडम’ अशी तुझी ओळख झाली, तर तुझ्याकडे येणारे निम्मे लोक दारातूनच परत जातील.

आता जे लिहिणार आहे ते आपल्याच लोकांना जास्त झोंबते. लग्नसराईत एका गावात दोन घरे फुटली, आणि त्याच रात्री गावाबाहेरच्या पालावरून तीन तरुणांना उचलून नेले. त्यांच्याविरुद्ध काय होते, तर जात. कागदोपत्री अटक मंगळवारी सकाळी दाखवली होती. ती पोरे शनिवारपासून आत होती असे त्यांची आई सांगत होती, पण तिचे कोण ऐकणार? मला शेवटी उपयोगी पडली ती ठाण्याला जेवण पुरवणाऱ्या खानावळीची वही. तेलाचे डाग पडलेल्या त्या लांबट वहीत शनिवारच्या रात्रीपासून रोज तीन ताटे जास्त लिहिलेली होती. खानावळवाल्याला कायद्याशी काही देणेघेणे नव्हते. त्याला आपले पैसे बुडू द्यायचे नव्हते, म्हणून त्याची नोंद खरी राहिली. जामिनाच्या अर्जाबरोबर ती पाने जोडली आणि तिघे सुटले. एकाचा पीयूसीचा, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीचा, पेपर मात्र बुडाला तो बुडालाच.

या संशयाला इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरवली. तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर अशा ठिकाणी वसाहती करून पारधी, कैकाडी, कोरवा आणि इतर जमातींच्या लोकांना हजेरी लावून कोंडून ठेवले जाई. 1952 साली कायदा गेला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली, कर्नाटकाचा तसा कायदा 1961 चा आहे, आणि ठाण्यातली सवय तर कोणत्याच राजपत्राने रद्द झाली नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगांतील जातिभेदाच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना पुन्हा बजावावे लागले की विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्याच्या यादीतल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका.

परदेशात याला संस्थात्मक वंशवाद म्हणतात. लंडनमध्ये 1993 साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्याच्याबरोबर असलेल्या मित्राला पोलिसांनी पीडित म्हणून वागवलेच नाही आणि तपास भरकटला. 1999 च्या मॅक्फर्सन अहवालाने म्हटले की हा दोष दोन-चार वाईट शिपायांचा नाही. नकळत बाळगलेले पूर्वग्रह, अज्ञान आणि ठरीव समजुती यांनी साऱ्या संस्थेचे वागणेच तसे झाले आहे. आपल्याकडे कातडीच्या रंगाऐवजी आडनाव, वस्ती आणि बोली पाहिली जाते. दुष्ट माणूस नसतानाही अन्याय होतो, ही गोष्ट मला त्या ‘जगळ’ शब्दाने शिकवली होती. मॅक्फर्सन अहवाल वाचताना तिला नाव मिळाले.

आणि आपण? हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर 1 जूनला लोक जमतात, कारण 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी आपली माणसे गेली. जुलै 2014 मध्ये येळ्ळूर गावातल्या ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेल्या फलकावरून लाठीमार झाला, तेव्हा पोलीस घरांत शिरून मारत होते अशी तक्रार गावाने केली. संशयाच्या नजरेने पाहिले जाणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. असे असताना आपल्याच गावाबाहेरच्या पालावर चोरीचा आळ आला की आपण ‘त्यांचंच काम असणार’ म्हणून मोकळे होतो. त्या तीन पोरांना उचलले त्या रात्री गावातला एकही माणूस ठाण्यात गेला नाही, आणि ते गाव मराठीच होते. याची मला फार लाज वाटते. उद्या तू वर्दीत त्या पालावर जाशील तेव्हा हे दोन्ही लक्षात असू दे.

ठाण्यातल्या कामाबद्दल माझे सांगणे एकच आहे: तुझी प्रत्येक नोंद अशी असू दे की वेळ आली तर ती तुझ्याविरुद्धही उभी राहू शकेल. माणूस ठाण्यात आला ती वेळ आणि अटकेची वेळ या वेगळ्या असतील, तर दोन्ही लिही. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानंतर अटकेच्या पंचनाम्यावर नातेवाइकाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. ती ठाण्याच्या दारात नेहमी उभ्या असणाऱ्या ठरलेल्या पंचाची घेऊ नकोस. परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीत आणि व्हरांड्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी, जपण्याचा आदेश दिला. ड्यूटीवर आल्या आल्या कॅमेरा चालू आहे का पाहा, आणि बंद असेल तर वेळ घालून स्टेशन डायरीत लिही. कॅमेरा नेमका त्या रात्री बंद होता, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. बंदोबस्ताला जाशील, विशेषतः सीमाभागातले मराठी लोक 1 नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिनाला, तेव्हा छातीवरची नावाची पट्टी रेनकोटाखाली जाऊ देऊ नकोस.

खोटी नोंद किती दूर जाते ते अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये दिसले. 25 मे 2020 रोजी जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने मेला, तेव्हा तिथल्या पोलिसांच्या पहिल्या निवेदनात वैद्यकीय कारणाचा उल्लेख होता आणि त्या गुडघ्याचा नव्हता. एका सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर ते नऊ मिनिटांहून अधिक काळ चित्रित केले नसते, तर तेच निवेदन इतिहास ठरले असते. पुढच्या वर्षी तो अधिकारी खुनासाठी दोषी ठरला. त्या मुलीच्या हातातला मोबाइल जे सांगू शकला, ते तुझ्या ठाण्याच्या डायरीला सांगता आले पाहिजे.

वरिष्ठांचा तोंडी हुकूम येईल. ‘आत बसवून ठेव, कागद नंतर बघू,’ असे सांगितले जाईल आणि सांगणारा अनुभवी, एरवी प्रेमळ असेल. अशा वेळी वाद घालू नकोस. हुकूम कोणी, किती वाजता दिला ते डायरीत लिहून त्यांनाच दाखव. निम्मे हुकूम तिथेच मागे घेतले जातात असा माझा अनुभव आहे. उरलेल्या निम्म्यांची किंमत तुला मोजावी लागेल, बदलीही होईल, आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंह निकालाने 2006 मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितली आणि कर्नाटकाने 2012 च्या दुरुस्तीने ती पोलीस कायद्यात आणली. माझ्या पक्षकारांपैकी बहुतेकांनी त्यांचे नावही ऐकलेले नव्हते. तुझ्या ठाण्याच्या भिंतीवर त्यांचा पत्ता कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लाव. सहकारी नाराज होतील, तरी लाव.

ट्रेनिंगला जाण्याआधी एक दिवस माझ्यासाठी काढ. ती वाडीवरची बाई आता ऐंशीच्या आसपास आहे, ऐकायला कमी येते, पण बोलणे खणखणीत आहे. तू फौजदार होणार हे मी तिला सांगितलेले नाही. साध्या कपड्यांत ये, वही-पेन आण, आणि त्या दिवशी ठाण्यात काय झाले ते तिच्याकडून ऐकून तिच्या शब्दांत लिहून काढ. मग तिला वाचून दाखव. ती कुठे हात वर करून ‘तसं नव्हं’ म्हणते, ते मलाही पाहायचे आहे. बसने दोन तास लागतात. सकाळी सातला मी बसस्टँडवर असेन.

तुझा,
वकीलकाका