लेट फी साहेब माफ करू शकतात का?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वर्षाची उलाढाल साठेक लाख. मिस्टरांची बायपास झाली आणि जानेवारी ते मार्चचे जीएसटी रिटर्न राहून गेले. ओळखीचा एक एजंट म्हणतो, ‘पंधरा हजार द्या, साहेबांना सांगून लेट फी माफ करून आणतो.’ अधिकाऱ्यांना असा अधिकार असतो का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, आधी त्या एजंटला फोन करून नाही म्हणा, मग पुढचं वाचा.

तुमची उलाढाल दीड कोटीच्या आत आहे. त्यामुळे उशिरा भरलेल्या थ्री-बीवर (म्हणजे कर भरायच्या मासिक रिटर्नवर) केंद्राची आणि राज्याची मिळून दिवसाला ५० रुपये लेट फी लागते आणि ती २,००० रुपयांवर थांबते. तीन महिन्यांचे मिळून फार तर ६,०००. त्यासाठी तो पंधरा हजार मागतोय, आणि तेही घरात आजारपण असताना. मी बावीस वर्षं नौपाड्यात करसल्ल्याचं काम करते, तरी असं ऐकलं की अजून संताप होतो.

शिवाय पैसे घेऊनही त्याच्या हातात काही नाही. लेट फी साहेब लावत नाहीत. पोर्टल दिवस मोजतं आणि पुढच्या थ्री-बीत रक्कम आपोआप आणून ठेवतं. ती माफ करायचा अधिकार जीएसटी कायद्याच्या कलम १२८ने सरकारला दिलाय. जीएसटी परिषदेने शिफारस करायची, सरकारने अधिसूचना काढायची, आणि सूट मिळते ती करदात्यांच्या एका अख्ख्या वर्गाला. २०२१मध्ये तसं झालं. कळव्याच्या एका केटररचे चौदा महिन्यांचे थ्री-बी थकले होते. त्या योजनेत जुन्या रिटर्नची लेट फी प्रत्येकी १,००० रुपयांवर आणली होती, मुदत वाढून ३० नोव्हेंबरपर्यंत गेली होती. त्यांनी सगळे भरले, कुणाला भेटावं लागलं नाही.

दंडाचं मात्र वेगळं. दंड लावायचा तर आधी नोटीस यावी लागते, तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तिथे अधिकाऱ्याला परिस्थिती बघावीच लागते. ५,००० रुपयांपेक्षा कमी कराच्या किरकोळ चुकीला तर कलम १२६ दंडच लावू देत नाही. म्हणून मिस्टरांचं डिस्चार्ज कार्ड आणि हॉस्पिटलची बिलं फाइलला लावून ठेवा.

व्याज मात्र भरावंच लागतं. क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर) वजा जाऊन रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के. ३०,००० रुपये कर साठ दिवस थकला, तर साधारण ८८८ रुपये.

आता या आठवड्यातच बसा. आधी जानेवारीचा आर-वन (विक्रीच्या बिलांचा रिटर्न), मग जानेवारीचा थ्री-बी, मग फेब्रुवारी, मग मार्च. मधला महिना सोडून पोर्टल पुढे जाऊ देत नाही. आर-वन राहिल्याने तुमच्या गिऱ्हाईक कंपन्यांचं क्रेडिट अडकलेलं असणार, आणि त्या बिलं रोखून धरतात ती याच कारणाने. लेट फी क्रेडिटमधून वळती होत नाही, तेवढी चलन काढून पैशांनी भरा. रिटर्न न भरल्याची थ्री-ए नोटीस आली असेल तर उत्तराचं पत्र लिहीत बसू नका, पंधरा दिवसांत रिटर्नच भरा. सलग सहा महिने राहिले तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि ती परत मिळवणं या सहा हजारांपेक्षा खूप जड जातं.