फळांची थंड कॉफी करताय? आधी दूध बाजूला ठेवा

संत्रं, लिंबू, अननस असलं आंबट फळ वापरणार असाल तर कॉफीत दूध नको. आम्लाने ते फाटतं आणि ग्लासात चोथा तरंगायला लागतो. दूध हवंच असेल तर चिकू घ्या. चिकू आणि कॉफीचं झकास जमतं, तरी लोक करून बघत नाहीत, का कोण जाणे.

पावडर घेताना पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती ते वाचा. फिल्टर कॉफीच्या मिश्रणात ती पुष्कळदा ३०-४० टक्के असते आणि तिच्या कडवटपणापुढे फळाचं काही चालत नाही. निव्वळ अरेबिका जातीची कॉफी आणा, मध्यम भाजलेली, जाडसर दळलेली. ५० ग्रॅम पावडर ४०० मिली गार पाण्यात कालवून १२ ते १६ तास फ्रीजमध्ये ठेवा, मग फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, गाळ उतरतो.

उंच ग्लासात बर्फ, त्यावर १०० मिली संत्र्याचा रस आणि चमच्याच्या पाठीवरून हळूच ५० मिली कॉफी. छान दोन थर दिसतात. रस मात्र आयत्या वेळी काढा. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो. साखर गारव्यात विरघळत नाही, तेव्हा साखर-पाणी समप्रमाणात उकळून पाक करून ठेवा.

कोकम घालून बघायचं असेल तर आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) नको, ते खारट असतं. सरबताचं गोड सिरप चालेल, दोनच चमचे, वरून सोडा.