मोनॅकोत ओव्हरटेकिंग नाही, मग बघायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोनॅकोची एफ-वन शर्यत पहिल्यांदाच पूर्ण बघितली, पहिला सुटला तोच पहिला आला, 78 लॅप (फेऱ्या) गाड्या एकामागे एक रांगेत. मग तिचं एवढं कौतुक कशासाठी?

तक्रार खरी आहे. 2024 साली तर पहिल्या दहा जागांवरून जे सुटले तेच दहा जण त्याच क्रमाने पोचले. एफ-वनमध्ये असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. पहिल्याच लॅपला मोठा अपघात झाला, लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली आणि त्या वेळात जवळपास सगळ्यांनी सक्तीचा टायरबदल उरकून घेतला. पुढच्या गाड्यांना पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागेत, यायचं कारणच उरलं नाही. पुढचा ड्रायव्हर टायर जपत हळू चालवतोय आणि मागच्याला काहीच करता येत नाही, हे दोन तास बघून कंटाळा येणारच.

पण मी वीसेक वर्षं ही शर्यत बघतोय आणि माझं ठाम मत आहे की मोनॅको शनिवारी बघायचं असतं. क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी. रविवारी पुढे जाता येत नाही, म्हणूनच शनिवारच्या एका लॅपला एवढी किंमत येते.

2023 चं क्वालिफाइंग शोधून बघा. वर्स्टापेनचा शेवटचा लॅप, गाडीतल्या कॅमेऱ्यातून. लॅपचा शेवटचा टप्पा सुरू होताना तो अलोन्सोच्या दोन दशांश मागे होता. तिथून स्विमिंग पूलची वळणं आणि रास्कासचं वळण एवढंच उरतं. त्या तेवढ्या रस्त्यात त्याने भिंतींना गाडी चाटवत नेली, अक्षरशः टायर घासला, आणि 0.084 सेकंदांनी पोल, म्हणजे सुटायची पहिली जागा, घेतली. मी तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आजही तो लॅप बघताना श्वास रोखला जातो.

भिंतीचा अर्थ टीव्हीवर कळत नाही. मला तो तिथे चालल्यावर कळला. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात नीसहून ट्रेनने गेलो होतो. सँत देव्होतचं छोटं चर्च आहे, त्याच्या पुढ्यातच पहिलं वळण. तिथून कसिनोकडे जाणारा रस्ता टीव्हीवर सपाट दिसतो, पण तो चांगला दमछाक करणारा चढ आहे. वर उंचवटा पार केला की रस्ता एकदम पलीकडे उतरतो. म्हणजे ड्रायव्हरला पुढचं वळण दिसण्याआधीच गाडी वळवायला घ्यावी लागते. खाली हॉटेलासमोरच्या हेअरपिनला, म्हणजे उलट फिरवणाऱ्या वळणाला, मी बराच वेळ उभा राहिलो. एक बस वळली, तिला अख्खा रस्ता लागला. एफ-वनची गाडी तिथे जेमतेम 50 च्या वेगाने वळते, सगळ्या हंगामातलं सर्वात हळू वळण. तेवढं वळता यावं म्हणून टीम फक्त या शर्यतीसाठी स्टिअरिंगची वेगळी व्यवस्था करतात, चाकं जास्त वळतील अशी. ड्रायव्हरचे हात तिथे कसे एकमेकांवर चढतात ते बघा.

बाकी दिवस हा साधा गावातला रस्ता. शर्यतीआधी साधारण सहा आठवडे कठडे आणि स्टँड उभे करायचं काम चालतं. रस्ता म्हटलं की झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आले, पावसात ते साबणासारखे निसरडे होतात. गटारांची झाकणंही आली. 2016 ला सरावात जेन्सन बटनच्या गाडीवर असंच एक उखडलेलं झाकण आदळलं होतं.

आता ओव्हरटेकिंग का होत नाही? लॅप 3.337 किलोमीटरचा, 19 वळणं आणि खरी सरळ पट्टी नाहीच. बोगदासुद्धा वाकडा आहे. बोगद्यातून बाहेर पडल्यावर शिकेनला (लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांना) जोरात ब्रेक लागतात, तीच काय ती एक जागा. त्यात आताच्या गाड्या पूर्वीपेक्षा खूप लांब आणि जड झाल्यात. मात्र सगळा दोष नव्या गाड्यांवर टाकू नका. 1992 ला मॅन्सेलची विल्यम्स सेनाच्या मॅक्लारेनपेक्षा कितीतरी वेगवान होती. चाकात गडबड झाली म्हणून तो पिटमध्ये आला, नवे टायर घालून बाहेर पडला आणि उरलेले लॅप सेनाच्या मागे डावीकडून-उजवीकडून डोकं घालत राहिला. जागा मिळाली नाही. सेना 0.215 सेकंदांनी जिंकला. ओव्हरटेक शून्य, आणि माझ्या मते ही मोनॅकोतली सगळ्यात भारी झुंज. कारण सेनाने मॅन्सेलसाठी फट ठेवली नाही आणि स्वतः कठड्यालाही लागला नाही.

याच सेनाचा 1988 चा किस्सा बघा. क्वालिफाइंगमध्ये, तशाच गाडीत बसलेल्या, त्याच्याच टीममधल्या प्रॉस्टपेक्षा तो जवळपास दीड सेकंद पुढे होता. रविवारी तर खूपच आघाडीवर होता. 67 व्या लॅपला, बोगद्याच्या आधीच्या पोर्तिए वळणावर क्षणभर लक्ष ढळलं आणि गाडी कठड्यात गेली. तो पिटकडे परतलाच नाही, जवळच असलेल्या आपल्या घरी चालत गेला. पुढे तो इथे सलग पाच वेळा जिंकला, 1989 ते 1993.

लक्लेरचं दुःख मला जास्त लागतं, कारण तो मोनॅकोचाच पोरगा. 2021 ला पोल घेतली, पण क्वालिफाइंगच्या अखेरीला स्विमिंग पूलला आतल्या कठड्याला चाक लागलं, गाडी आपटली. रविवारी सुटायच्या जागेकडे जातानाच ड्राइव्हशाफ्टने (चाक फिरवणाऱ्या दांड्याने) दगा दिला आणि पोलची जागा रिकामी राहिली. 2022 ला पुन्हा पोल, पावसात पिटचे निर्णय चुकले, चौथा. म्हणून 2024 ची शर्यत तुम्हाला कंटाळवाणी वाटली तरी मला वाटली नाही. 1931 च्या लुई शिरोननंतर तिथला माणूस तिथे पहिल्यांदाच जिंकत होता. शेवटचे दहा लॅप मी फक्त त्याच्या कठड्यापासूनच्या अंतराकडे बघत होतो.

2025 ला दोन टायरबदल सक्तीचे केले. माझ्या मते उपाय फसला. एकाच टीमचा मागचा ड्रायव्हर मुद्दाम हळू चालून पूर्ण रांग अडवायचा, म्हणजे पुढच्या जोडीदाराला पिटमध्ये जाऊन यायला मोकळी जागा मिळायची. रेसिंग बुल्सने ते केलं, मग विल्यम्सने केलं. वैतागून रसेलने शिकेन कापून अल्बॉनला मागे टाकलं आणि दंड ओढवून घेतला. असले नियम शर्यत आणखी हळू करतात.

आपल्या माणसाचंही सांगतो. 2025 लाच त्याच वीकेंडला एफ-टूची (एफ-वनच्या खालच्या पायरीची) स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत बेंगळुरूच्या कुश मैनीने जिंकली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहून. मोनॅकोच्या पोडियमवर ‘जन गण मन’ ऐकताना अंगावर काटा आला.

तर पुढच्या वेळी शनिवारी संध्याकाळी बसा, आणि एकाच ड्रायव्हरचा गाडीतला कॅमेरा लावा. रविवारी क्रमांक बघू नका, पडद्यावरच्या अंतरांकडे बघा. पुढच्याने मुद्दाम वेग कमी केला की मागे रांग कशी आवळते, कुणाच्या मागे पिटपुरती मोकळी जागा तयार होतेय. पाऊस आला तर मात्र काहीही सोडून बघा. 1996 ला ओल्या रस्त्यावर चौदाव्या जागेवरून सुटलेला पानिस लिजिए टीमची गाडी घेऊन जिंकला, आणि शेवटी चेकर्ड झेंड्याखालून फक्त तीन गाड्या धावत गेल्या.