तिसऱ्या रांगेपासून सुरुवात करा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी बहुतेक पत्रं एकाच प्रकारच्या गाडीबद्दल आली: तीन रांगांची, सहा-सात आसनांची, मध्यम आकाराची एसयूव्ही. त्यामुळे सगळी जागा तिलाच दिली आहे.

प्रश्न: घरात सहा माणसं. त्यांत दोघं ज्येष्ठ आणि एक दहा वर्षांचा मुलगा. शोरूममध्ये प्रत्येकच गाडी ऐसपैस वाटते. तिसरी रांग खरोखर कामाची आहे का, हे अर्ध्या तासात कसं ओळखायचं?

बसून बघण्याचा क्रम पाळा. शोरूममधल्या गाडीत पुढच्या दोन्ही रांगा बहुधा पुढे सरकवून ठेवलेल्या असतात. आधी घरातल्या सर्वांत उंच चालकानं आपल्या सोयीनं सीट लावावी. मग त्याच्या मागे मोठ्या माणसाला बसवा आणि गुडघा व पुढच्या सीटची पाठ यांत चार बोटं उरतील इतकी मधली सीट सरकवा. तिसऱ्या रांगेत त्यानंतर जा. मधली सीट सरकती असली की एका रांगेला मिळालेली जागा दुसरीतून काढलेली असते. माहितीपत्रकात मात्र बहुतेकदा दोन्ही रांगांची कमाल मापं शेजारी शेजारी छापतात, आणि ती एकाच वेळी मिळत नाहीत.

गुडघ्यांची जागा सगळेच बघतात. खरी अडचण मांडीखाली असते. तिसऱ्या रांगेच्या खाली मागचं सस्पेन्शन आणि अ‍ॅक्सल येतो. त्यामुळे तिथला तळ उंच असतो आणि छत खाली उतरत आलेलं असतं, म्हणून मग सीटची बैठकच बुटकी करतात. लॅडर-फ्रेमच्या, म्हणजे वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाड्यांत हे जास्त जाणवतं. पाय टेकतात तिथपासून बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा. उंची ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर प्रौढाचे गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. अशा सीटवर अर्धा तास निघतो, तीन तास नाही. ३५ च्या आसपास असेल तर बरी म्हणायची. मोजपट्टी घरूनच न्या. विक्रेता हसला तर हसू द्या.

आणखी तीन गोष्टी तिथेच बघा. मधली सीट सर्वांत खाली असताना तिच्याखाली पावलाचा पुढचा भाग शिरतो का? डोकं हेडरेस्टला टेकवल्यावर छतापर्यंत मूठभर जागा उरते का? आणि मधली सीट पाडायचा खटका तिसऱ्या रांगेतून हाताला लागतो का? तुमच्या मुलाला तो स्वतः दाबून बाहेर यायला सांगा. बाहेरून कुणी सीट पाडून दिल्याशिवाय सुटका नसेल तर ती रांग कोंडवाडाच. ज्येष्ठांना मागे पाठवायचा विचार सोडून द्या. गुडघे आणि कंबर दुखत असताना वाकून, वळून आत शिरणं जमत नाही, मग गाडी कितीही मोठी असो.

प्रश्न: डिकी एका गाडीची १८० लिटर, दुसरीची २४० लिटर लिहिली आहे. दुसरीत सामान जास्त मावेल ना? आणि सात जणांसह वर कॅरिअर लावता येईल का?

लिटरवर जाऊ नका. रूढ जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून डिकी मोजतात. पण ठोकळे काचेच्या खालच्या कडेपर्यंत रचले की छतापर्यंत, यावर आकडा बराच हलतो, आणि तळाखालचा कप्पाही त्यात धरलेला असू शकतो. तुम्हाला हवी आहे ती तळाची खोली: तिसऱ्या रांगेच्या पाठीपासून बंद दारापर्यंत. ही पाठ लोक बसतील तेवढी कललेली ठेवून मोजा, कारण सरळ उभ्या पाठीवर कुणी प्रवास करत नाही आणि पाठ कलली की तेवढी डिकी आत जाते. छोटी ट्रॉली बॅग साधारण ५५ × ४० × २३ सेंटिमीटरची असते. खोली २५ असेल तर ती उभी राहते. चाकांच्या कमानींमध्ये सव्वा मीटर रुंदी क्वचितच मिळते, म्हणून अशा दोन बॅगा आणि एक मऊ पिशवी एवढीच अपेक्षा ठेवा.

कॅरिअरचा प्रश्न जागेपेक्षा वजनाचा आहे, आणि इथेच सात आसनांचं गणित फसतं. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा २,४०० वजा १,८३०, उरले ५७० किलो. सरासरी ६५ किलोची सात माणसं म्हणजे ४५५. सामानाला राहिले ११५. रिकाम्या वजनात चालकाचे ७५ किलो आधीच धरलेत का, तेही बघा. युरोपीय पद्धतीत धरतात. छताची मर्यादा बऱ्याच गाड्यांत ७५ ते १०० किलो असते, पण ती या ११५ च्या आतलीच आहे आणि कॅरिअरचं स्वतःचं वजनही तिच्यात मोडतं.

सनरूफ, मोठी चाकं, चारही चाकांचा ड्राइव्ह हे सगळं रिकाम्या गाडीचं वजन वाढवतं. कमाल मर्यादा तीच राहिली तर सर्वांत महागडं व्हेरियंट सर्वांत कमी ओझं वाहतं. हे हिशेबात धरणारे फार थोडे.

भार मर्यादेत असला तरी हवा वाढवावी लागते. दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा असतो आणि मागच्या टायरांना तो बहुधा चांगलाच जास्त असतो. रोजच्या हवेवर सात माणसं आणि सामान घेऊन लांब निघालं तर टायरची बाजू सतत दबते, तापते, आणि टायर फुटतो तो याच उष्णतेनं. टायर बदलतानाही भार निर्देशांक कमी घेऊ नका: ९८ म्हणजे एका टायरला ७५० किलो, १०२ म्हणजे ८५०.

प्रश्न: मुलं दोन, दोघांनाही चाइल्ड सीट. मध्ये बेंच घ्यावं की कॅप्टन सीट?

दोन चाइल्ड सीट असतील तर कॅप्टन, म्हणजे सलग बाकाऐवजी दोन सुट्या सीट. आयसोफिक्सच्या कड्या (चाइल्ड सीट थेट अडकवायच्या) बहुधा मधल्या रांगेच्या दोन कडेच्या आसनांना असतात. तिथे चाइल्ड सीट बसवली की ते आसन दुमडत नाही, आणि बेंचच्या दोन्ही कडा अडल्या की तिसऱ्या रांगेचा रस्ताच बंद. काही गाड्यांत चाइल्ड सीटसकट आसन पुढे कलतं, पण त्यातलं मूल आधी उतरवावं लागतं. कॅप्टन सीटच्या मधून वाट राहते. मात्र ती कागदावर नको. तिच्यातून मोठा माणूस आडवा होऊन जातो का, ते बघा.

एकच चाइल्ड सीट असेल तर बेंच चालेल, पण ६०:४० असं दुभागलेल्या बेंचचा जो भाग पाडून मागे जायचं, तो पदपथाच्या बाजूला हवा आणि चाइल्ड सीट दुसऱ्या बाजूला. मागे तोंड असलेली सीट असेल तर स्वतःची सीट शोरूममध्ये नेऊन बसवा. ती लांबीत इतकी जागा खाते की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात.

प्रश्न: रोजचं जाणं-येणं पाच-सहा किलोमीटर, गर्दीतलं. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास, भरलेल्या गाडीनं. डिझेल, टर्बो पेट्रोल की हायब्रिड?

डिझेल नको. भरलेली गाडी चढावर ओढायला त्याच्यासारखं इंजिन नाही, हे मान्य. पण तुमचं रोजचं अंतर त्याला मारक आहे. धुरातली काजळी फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. त्यासाठी इंजिन गरम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं हवं. पाच किलोमीटरवर गाडी बंद झाली की जाळणं अर्धवट राहतं. बऱ्याच इंजिनांत या कामासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. ते अर्धवट जळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, त्यात डिझेल मिसळलंय.

तुमच्यासाठी पहिली पसंती नुसत्या विजेच्या मोटरवरही चालू शकणारी पूर्ण हायब्रिड. थांबत-चालत जाण्यात ती सर्वांत कमी इंधन खाते. तिची उणी बाजू लांब चढावर कळते: बॅटरी उतरली की सगळं ओझं एकट्या पेट्रोल इंजिनावर येतं आणि ते ओरडतं. म्हणून टेस्ट ड्राइव्ह सहा जण बसवून आणि चढावरच घ्या. बॅटरीला हवा घेणारी जाळी बहुधा सीटखाली किंवा बाजूला असते. तिथे पिशव्या, पांघरुणं कोंबू नका, आणि तिचा फिल्टर सर्व्हिसमध्ये साफ होतो का ते विचारा.

टर्बो पेट्रोल दुसरा पर्याय. त्यात गिअरबॉक्स कोणता ते आधी बघा. कोरड्या क्लचचा (तेलात न बुडलेल्या) ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक असेल तर चढावरच्या गर्दीत भरलेली गाडी इंच इंच सरकवताना तो तापतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक, हे निमूट सहन करतो.

प्रश्न: मागे एसीच्या जाळ्या आहेत, तरी तिसरी रांग तापते अशी तक्रार ऐकू येते. का?

कारण सगळ्या जाळ्यांमागे एसी नसतो. काही गाड्यांत मागे वेगळी कूलिंग कॉइल आणि ब्लोअर असतो. काहींत नुसता पंखा असतो, तो केबिनमधलीच हवा ओढून मागे फेकतो. बटणं दोन्हींत सारखीच दिसतात. गाडी उन्हात उभी करा, मग एसी पूर्ण लावून दहा मिनिटांनी पुढच्या आणि सर्वांत मागच्या जाळीशी साधा थर्मामीटर धरा. फरक तीन-चार अंशांचा असेल तर ठीक. दहाच्या पुढे गेला तर तो पंखाच समजा. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी पायाशी जाळी आहे का, तेही बघावं, कारण गरम हवा छतातून सोडली तर पाय गारच राहतात.

प्रश्न: पॅनोरॅमिक सनरूफ घ्यावं का?

घरात कुणी उंच असेल तर नको. आतलं छत काही सेंटिमीटर खाली येतं. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याही वेळोवेळी साफ कराव्या लागतात. त्या तुंबल्या की पाणी खांबातून थेट आत उतरतं.

प्रश्न: पाच तारे मिळालेली गाडी मागच्या रांगेतही तेवढीच सुरक्षित असते का?

तारे ते सांगत नाहीत. धडक चाचणीत डमी बसवतात ते पुढे आणि मधल्या रांगेत. युरो एनकॅप ही युरोपातली चाचणी संस्था मधल्या रांगेत सहा आणि दहा वर्षांच्या मुलांएवढे डमी बसवते. तिसरी रांग या धडकेत रिकामीच असते. शिवाय तारे कोणत्या वर्षीचे, हेही महत्त्वाचं. नियम दर काही वर्षांनी कडक होतात, २०१५ चे पाच आणि २०२३ चे पाच एक नव्हेत.

तुम्ही स्वतः तपासाल ते असं: बाजूच्या पडदा-एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत जातात की मधल्या दारापाशी संपतात, हे पुस्तिकेतल्या आकृतीत दिसतं. हेडरेस्ट कवटीच्या मागे येईल इतकं वर होतं का? प्रत्येक आसनाला तीन-बिंदू बेल्ट आहे का, आणि मागचा बेल्ट लावला नाही तर चालकाला सूचना मिळते का? मागच्या माणसाचं डोकं आणि मागची काच यांत अंतर किती? ते वीतभरही नसेल तर मागून धडक बसल्यास चेपायला जागाच नाही.

प्रश्न: पाच-सहा वर्षं वापरलेली अशी गाडी घ्यायची आहे. नेहमीच्या तपासणीशिवाय काय बघावं?

तिसऱ्या रांगेचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ किंवा बुरशीचा वास असेल तर गाडीत पाणी शिरलं होतं. गालिचा धुतात, पट्ट्याचं टोक विसरतात.

गाडी सपाट जमिनीवर रिकामी उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजा. मागची डावी-उजवी मापं बोटभराहून जास्त वेगळी असतील किंवा मागचा भाग नव्या गाडीच्या मानानं बसलेला असेल तर स्प्रिंग थकल्या आहेत. गाडी सतत भरून पळवलेली असावी.

मागच्या एसीचे पाइप तळाखालून जातात. अ‍ॅल्युमिनियमचे असले तर चिखल आणि मिठानं ते सडतात, गॅस गळतो, आणि त्याच्याबरोबर पुढचा एसीही बंद पडतो, कारण दोघांचा गॅस एकच. गाडी लिफ्टवर घेऊन सांध्यांपाशी तेलकट डाग आहेत का पाहा. मागचा एसी चालत नाही, पण किरकोळ काम आहे, असं कुणी सांगितलं तर दुरुस्ती त्यालाच आधी करून द्यायला सांगा.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. स्टेपनीचाही वाचा. ती बऱ्याच गाड्यांत तळाखाली साखळीवर टांगलेली असते आणि वर्षानुवर्षं कुणी उतरवत नाही. ती तुमच्यासमोर खाली उतरवून पुन्हा वर चढवायला लावा. गंजलेलं गिअर तिथेच अडकतं.