गाडी घ्यायच्या आधी परतीचं भाडं शोध

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि भाडं

प्रश्न : काका नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातला, वय 26. बारावी झाल्यापासून दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून काम करून राहिलो, आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. जवळ दीड लाख आहेत. शोरूमवाला म्हणते नवीन पिकअप घे, आठ लाखाचं लोन करून देतो. मित्र म्हणतात जुना छोटा हत्ती (टाटा एस) घे, हप्त्याची कटकट नाही. बाबा म्हणतात वावर गहाण ठेवून गाडी घ्यायचीच नाही. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर भरपूर आहे त्यामुळे भाडं तर मिळेलच असं मले वाटते. कोणती गाडी घेऊ आणि कागदपत्रं काय लागतात? – एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर : बाबांचं ऐक, वावराला हात लावू नको. हे पहिले सांगून टाकतो कारण बाकी सगळ्यात थोडं मागेपुढे होऊ शकते, यात नाही. मालगाडीचं लोन गाडीच्याच तारणावर होतं, आरसीवर फायनान्सवाल्याचा बोजा चढतो आणि तेवढं त्याला पुरतं, शिवाय मुद्रा योजनेतही माल वाहायच्या गाडीला 10 लाखापर्यंतचं कर्ज बिनतारणाचं आहे, म्हणून कोणी सातबारा मागितला तर तिथून सरळ उठायचं.

आता गाडी कोणती ते तू विचारलंस, पण तुझ्या पत्रात येतानाच्या मालाचा एक शब्द नाही. जाताना कापूस भरून जाशील, ते मान्य, येताना काय आणणार? मालकाच्या गाडीवर असताना खाली गाडी परत आणली तरी तुझा पगार तेवढाच होता, आता त्या रिकाम्या फेरीचं डिझेल तुझ्या खिशातून जाणार आहे, आणि नव्या माणसाचा हिशेब नेमका इथंच फसतो म्हणून आकडे मांडून दाखवतो.

आठ लाखाचं लोन, 11 टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता येतो 17,400 च्या आसपास. इन्शुरन्सला महिन्याला 3,000 बाजूला काढ. टायर, ऑइल, कमानपाटे, क्लच यासाठी 4,000 धर, नवीन गाडीला पहिल्या वर्षी एवढं लागणार नाही पण टायरचा जोड बदलायची वेळ आली की एकदम लागतात. तुझी स्वतःची मजुरी 15,000, ती धरायचीच, कारण स्वतःचा पगार न धरता चाललेला धंदा म्हणजे फुकटात केलेली ड्रायव्हरी. झाले 39,400. गाडी महिन्याला 2,500 किलोमीटर चालली असं समज, तर हा खर्च किलोमीटरला पावणेसोळा रुपये पडला. त्यात डिझेल, लिटरला 92 आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीचं सरासरी 12 चं ॲव्हरेज धरलं तर साडेसात-पावणेआठ रुपये. म्हणजे गाडी एक किलोमीटर हलली की साडेतेवीस रुपये गेले, टोल वेगळा. दोन्ही बाजूनं माल असेल तर हा तुझा दर. पण येताना गाडी रिकामी असेल तर पैसे फक्त जाण्याचे मिळणार आणि खर्च दोन्ही बाजूंचा, म्हणजे भरलेल्या किलोमीटरला 47 रुपये घेतले तरच तू बरोबरीत. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर धर, जाऊन-येऊन तीनशे, खर्च सात हजार. आता तूच विचार कर तुझ्या ओळखीतला व्यापारी एका फेरीचे सात हजार देईल का. समजा त्यानं साडेपाच दिले आणि येताना तुला अडीच हजाराचा किराणा मिळाला, तर गाडी फायद्यात आली. तो अडीच हजाराचा माल आधी शोधायचा, गाडी मग.

कुठं शोधायचा तेही सांगतो. तुझ्या गावाच्या आसपास 10-12 खेड्यांतले किराणावाले, हार्डवेअरवाले, कृषी केंद्रवाले यांच्याकडं जाऊन बस. त्यांचा माल कुठून येतो, कोणत्या दिवशी येतो, काय भाडं देतात ते विचार. किराणा नागपूरच्या इतवारीतून येतो की यवतमाळच्या होलसेलवाल्याकडून, भाजीपाला नागपूरच्या कळमना बाजारातून येतो का, प्लायवूड-पाइप कोण आणतं. नागपुरात वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोडाऊन आहेत, तिथं विदर्भातल्या तालुक्यांना जायचा सुटा माल पडून असतो. दोन-तीन दुकानदार जरी "दर मंगळवारी माझा माल तूच आण" म्हणाले तरी ते शोरूमवाल्याच्या कोणत्याही ऑफरपेक्षा मोलाचं आहे. त्यांचा नंबर, मालाचं वजन, ठरलेलं भाडं एका वहीत लिही, ती वही भरायच्या आधी डाउनपेमेंट भरू नको.

दुसरं, सीझन. आपल्याकडं ऑक्टोबरात सोयाबीन निघते, दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस, जानेवारीत तूर, मग हरभरा, गहू. तेव्हा गाडीला फुरसत नसते. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, बिछायतवाले, कॅटरिंगवाले, आणि घरबांधणीची विटा-लोहा-सिमेंट. जूनमध्ये बी-बियाणं आणि खत. त्यानंतर जुलै ते सप्टेंबर मात्र सगळं मंद, बांधकाम बंद, पांदण रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल, गाडी वावरापर्यंत जात नाही, आणि हप्ता तर 5 तारखेला जातोच. म्हणून तीन हप्त्यांएवढे पैसे बँकेत वेगळे असल्याशिवाय लोनवर सही करू नको. म्हणजे तुझ्या दीड लाखातले 50-55 हजार इथंच अडकले, ते डाउनपेमेंटमध्ये धरूच नको.

कापसाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण तुझी मदार त्याच्यावर दिसते. खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याचा कापूस जिनिंगला टाकायचा असेल तर काम सोपं, क्विंटलमागं भाव ठरतो, काटा होतो, गाडी मोकळी. शेतकऱ्याचा कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर न्यायचा असेल तर वेगळं आहे. तिथं रांग लागते, आता कपास किसान ॲपवर स्लॉट घ्यावा लागतो तरी गर्दीच्या दिवसांत गाडी रात्रभर उभी राहू शकते, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की कापूस परत. मग परतीचं भाडं कोण देणार यावरून शेतकऱ्याशी भांडण, त्याच्याही डोळ्यात पाणी आणि तुझ्याही. हे भांडण आधीच टाळता येतं. गाडी भरायच्या आधीच सांगायचं की भाडं इतकं, संध्याकाळपर्यंत खाली झाली नाही तर थांबण्याचे इतके, माल परत आला तर परतीचे इतके. मोबाईलवर मेसेज करून ठेवायचं. शेतकरी आपलाच आहे म्हणून तोंडी ठरवायचं आणि मग वर्षभर एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, असं गावात होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि कापूस हलका असतो, हौदा भरतो पण वजन भरत नाही. त्यामुळे कापसासाठी मोठा हौदा कामाचा, पिकअप किंवा अशोक लेलँडची दोस्त. सोयाबीन-तुरीचे कट्टे, सिमेंट, लोहा यांचं वजन पटकन होतं आणि तिथं छोटा हत्ती मार खातो. पाऊण टनाच्या आसपासची त्याची ताकद, त्याच्यावर 15 क्विंटल टाकणारे लोक रोज दिसतात. तू टाकू नको. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000, म्हणजे महिन्याभराची कमाई एका नाक्यावर. टायर फुटून माणूस गेला तर दंड फार छोटा वाटेल.

मग घ्यायची कोणती? माझं मत सांगतो. नवीन पिकअप आत्ता नको. ज्या मालकाकडं आहेस त्यालाच म्हण, एक सीझन गाडी महिन्याच्या ठेक्यानं दे, डिझेल माझं, भाडी माझी. तो नाही म्हणाला तर दुसरा कोणी देईल, गाडी उभी असलेले मालक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्या सीझनमध्ये तुझी स्वतःची भाडी, तुझे स्वतःचे दुकानदार, तुझा किलोमीटरचा दर हे सगळं उभं राहते. मग तीन-चार वर्षं जुनी पिकअप घे, छोटं लोन करून. 8-10 वर्षं जुना छोटा हत्ती रोख मिळतो हे खरं, पण आठ वर्षं झाली की पासिंग (फिटनेस) दर वर्षी करावं लागतं, त्याआधी दोन वर्षांनी असते, आणि गाडी गॅरेजमध्ये जास्त, रस्त्यावर कमी. जुनी घेताना एक लक्षात ठेव, नवीन मालगाडीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या गाडीची किंमत कोणी आधीच्या शोरूम भावावरून सांगत असेल तर भाव पाडून माग. आरसीवर जुना बोजा आहे का, थकलेली ई-चलानं, टॅक्स, फिटनेस, हे सगळं परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहून घे, बोजा असेल तर कर्ज फिटल्याची फायनान्सवाल्याची एनओसी माग, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. चेसिसला कुठं वेल्डिंग आहे का ते स्वतः खाली झोपून पाह्य, मेकॅनिकला घेऊन जा.

कागदपत्रं जास्त नाहीत. आरसी, फिटनेस, पीयूसी, इन्शुरन्स, टॅक्स, लायसन्स, फास्टॅग. गाडीचं एकूण भरलेलं वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्याच्या वर लागते, पिकअपची काही मॉडेलं या रेषेच्या वर जातात म्हणून आरसीवरचा आकडा वाच. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, माल पाठवणाऱ्यानं काढायचं असतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत लाखाच्या वर गेली की, आणि तेलंगणात आदिलाबादकडं जायचं असेल तर 50 हजाराच्या वर. व्यापारी म्हणेल चाल रे काही होत नाही, पण गाडी अडकते ती तुझी. इन्कम टॅक्सचं भ्यायचं काम नाही, दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला छोट्या गाडीमागं महिन्याला साडेसात हजार उत्पन्न धरून रिटर्न भरता येते. रिटर्न भरत राहा, पुढच्या लोनला तोच कागद कामात येतो.

आता एक विनंती, कागदाच्या वरची. कापूस वेचायच्या दिवसांत बाया पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून वावरात जातात, लग्नाची वऱ्हाडं जातात. या कामाचे पैसे सहज मिळतात आणि शेजारीपाजारी नाही म्हणणं जड जातं. पण मालगाडीच्या इन्शुरन्समध्ये मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोबत असला तर तो धरला जातो, असे बसवलेले प्रवासी धरले जात नाहीत. गाडी पलटी झाली तर त्या बाईच्या लेकरांना विमा कंपनीकडून मिळायचं ते अडतं आणि भरपाई तुझ्या अंगावर येते, मग बाबांनी वाचवलेलं वावर जाते. पैसा जाऊ दे, हौद्यात धरायला काही नसते, एका खड्ड्यात जीव जातो. पहिल्या दिवसापासून नाही म्हण, म्हणजे नंतर कोणी विचारणार नाही.

प्रश्न : काका, माझे मिस्टर पिकअप चालवतात, हिशेब मी ठेवते. एक व्यापारी दोन-दोन महिने भाडं देत नाही, मागितलं की "पुढच्या गाडीला देतो" म्हणतो. मिस्टर म्हणतात काम तुटेल म्हणून बोलायचं नाही. काय करावं? – एक गृहिणी, हिंगणघाट तालुका

उत्तर : ताई, हिशेब तुमच्या हातात आहे हे फार चांगलं झालं. जो माणूस दोन महिने पैसे देत नाही तो तुमच्या डिझेलवर स्वतःचा धंदा चालवून राहिला आहे, म्हणून काम तुटेल याची भीती त्यालाही वाटली पाहिजे, आणि दिवाळी ते संक्रांत गाडी मिळत नाही तेव्हा ती वाटतेच. बोलायचं असेल तर तेव्हा बोला, पावसाळ्यात नाही. यापुढं निम्मं भाडं गाडी निघायच्या आधी घ्यायचं, निदान डिझेलपुरतं तरी, आणि मागची बाकी निघाल्याशिवाय नवीन फेरी भरायची नाही. प्रत्येक फेरीची चिठ्ठी दोन प्रतींत करा, तारीख, माल, वजन, ठरलेलं भाडं, उतरवून घेणाऱ्याची सही, सोबत काटापावतीचा फोटो. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडं छोटा उद्योग म्हणून नोंद, आजच करून घ्या, ती ऑनलाइन आणि फुकट होते. ती असली की कायद्यानं खरेदीदारानं जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, उशीर झाला तर व्याज लागतं आणि छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणीच्या आधीच्या थकबाकीला त्याचा उपयोग होणं कठीण, म्हणून उशीर करू नका. शिवाय मुदत संपूनही वर्षाअखेरपर्यंत न दिलेला हा पैसा त्याला त्या वर्षाच्या खर्चात दाखवता येत नाही. त्याच्या सीएला हे माहीत असते, तुम्ही बिलावर उद्यम नंबर छापला तरी बऱ्याचदा गाडी रुळावर येते.

प्रश्न : माझं लायसन्स एलएमव्ही (हलक्या गाडीचं) आहे, त्यावर ट्रान्सपोर्ट लिहिलेलं नाही. छोटा हत्ती भाड्यानं चालवू शकतो का? एजंट पाच हजार मागून राहिला. – एक वाचक, वरूड

उत्तर : चालवू शकतोस, एजंटला काही देऊ नको. एकूण भरलेलं वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालगाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला हे पक्कं केलं. लायसन्सची मुदत तेवढी तपास. आणि वरूडचा आहेस तर संत्र्याचे कॅरेट वाहायला आंबिया बहाराच्या तोडणीच्या आधीच, सप्टेंबरात, बागवाल्या व्यापाऱ्यांना भेटून ठेव.